समुद्रभिंत आणि नगरसभा

८ सप्टेंबर हा पवित्र मरियेच्या जन्माचा दिवस. नऊ दिवसांचा नोव्हेना, फुलांच्या परड्या, नव्या कपड्यांतली मुले, असे त्या दिवसाचे चित्र आपल्या मनात असते. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या आखाताकाठी, गॅल्व्हेस्टन नावाचे एक बेट आहे. तेथील भाविकांना मात्र या सणाबरोबर दुसरीही एक आठवण येते. १९०० साली ८ सप्टेंबर शनिवारी आला होता. त्या दिवशी दुपारपासून समुद्र रस्त्यांत शिरू लागला आणि रात्र पडेपर्यंत शहराचा तिसरा हिस्सा नाहीसा झाला.

किनाऱ्यालगत इन्कार्नेट वर्ड संघाच्या धर्मभगिनींचे अनाथालय होते. त्यात ९३ मुले व १० भगिनी होत्या. पाणी चढू लागले तशा भगिनी मुलांना घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या, त्यांना मरियेचे गीत म्हणायला लावले आणि कपडे वाळत घालण्याच्या दोरीने एकेका भगिनीने काही मुले आपल्या कमरेला बांधून घेतली. इमारत कोसळली. तीन मुलगे एका झाडाच्या आधाराने वाचले. उरलेली ९० मुले व दहाही भगिनी गेल्या. पुढे प्रेते सापडली तेव्हा काहींच्या कमरेची दोरी तशीच होती. त्या संघाच्या भगिनी आजही दर ८ सप्टेंबरला ते गीत गातात.

एकट्या गॅल्व्हेस्टन शहरात किमान ६००० माणसे मेली. काहींच्या मते हा आकडा ८००० पर्यंत जातो. त्या वर्षीच्या जनगणनेनुसार शहराची वस्ती जेमतेम ३८ हजारांची होती. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत एका वेळी इतकी माणसे दुसऱ्या कोठेही मेलेली नाहीत.

या वादळाची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. आम्हांला आज वाचकांपुढे ठेवायची आहे ती वादळानंतरच्या नगरसभेची कथा. समुद्रभिंत बांधताना त्या शहराने आपली नगरसभाच मोडली आणि तिच्या जागी पाच माणसे बसविली. त्या पाच जणांनी जे काम केले त्याला तोड नाही. आणि त्या कामाची जी किंमत पडली ती फेडायला शहराला जवळजवळ एक शतक लागले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकत्रच सांगितल्या पाहिजेत.

वादळापूर्वीची नगरसभा

गॅल्व्हेस्टनला नगराचा दर्जा मिळाला तो १८३९ साली. टेक्सास तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होते. पहिले महापौर जॉन ॲलन. दुसऱ्याच वर्षी शहरातील मातब्बर मंडळींनी प्रजासत्ताकाच्या विधिमंडळाकडून सनद बदलून घेतली आणि मतदानाचा हक्क मालमत्ताधारकांपुरता आवळला. नव्या सनदेखाली दुसरा महापौर निवडून आला. ॲलनसाहेबांनी खुर्ची सोडण्यास नकार दिला, नगराची सारी दप्तरे उचलून स्वतःच्या घरी नेली आणि घरावर तोफा लावल्या! अखेर न्यायालयाच्या हुकमाने दप्तरे परत घ्यावी लागली. तेथील इतिहासात हे प्रकरण ‘सनदेचे युद्ध’ म्हणून ओळखले जाते. वाचकांना हसू येईल. परंतु त्या तोफांमागचा प्रश्न हसण्याजोगा नव्हता. शहर कोणाचे? ज्याची जमीन आहे त्याचे, की जो तेथे राहतो त्याचे?

हाच प्रश्न पुढे फार गंभीर रूपाने आला. १९ जून १८६५ रोजी याच शहरात संघराज्याचे सेनानी जनरल ग्रँजर यांनी टेक्सासमधील गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. ‘जूनटीन्थ’ या नावाने तो दिवस कृष्णवर्णीय समाज तेव्हापासून पाळत आला, आणि २०२१ पासून तो अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे. मुक्त झालेली ही माणसे गॅल्व्हेस्टनच्या गोदीत कापसाच्या गासड्या वाहू लागली, शाळा काढू लागली, मत देऊ लागली.

त्यांच्यातून पुढे आलेले एक मोठे नाव म्हणजे नॉरिस राइट क्युनी. जन्म १८४६, गोऱ्या मळेवाल्याच्या पोटी आणि गुलाम आईच्या कुशीत. १८७५ साली ते महापौरपदाची निवडणूक हरले. १८८३ साली मात्र बाराव्या वॉर्डातून ते नगरसेवक झाले. त्याच वर्षी त्यांनी गोदीतील कृष्णवर्णीय कामगारांची संघटना बांधली आणि जी कामे केवळ गोऱ्यांसाठी राखलेली होती ती आपल्या माणसांना मिळवून दिली. १८९८ साली त्यांचे निधन झाले.

क्युनी निवडून येऊ शकले, कारण शहर वॉर्डांत विभागलेले होते आणि प्रत्येक वॉर्ड आपला माणूस पाठवीत असे. या पद्धतीत दोष होतेच. नगरसेवक आपापल्या आळीपुरते पाहत. कंत्राटे, नोकऱ्या, पायवाटा, दिवे यांची घासाघीस चाले. नगरपालिका कर्जात बुडालेली होती. व्यापारी वर्गाला याचा उबग आला होता. त्यांनी उपाय काढला तो असा की, नगरसेवक वॉर्डाच्या मतांनी न निवडता सबंध शहराच्या मतांनी निवडावेत. १८९५ साली तसा बदल झाला. कागदावर तो अगदी निरुपद्रवी दिसतो. सगळ्यांनी सगळ्यांना निवडायचे, यात वावगे ते काय? परंतु ज्यांची वस्ती एका कोपऱ्यात आहे आणि संख्या थोडी आहे, त्यांची मते अशा वेळी समुद्रात टाकलेल्या मुठीभर मिठासारखी विरून जातात. क्युनींसारखा माणूस नगरसभेत येण्याची वाट वादळाच्या पाच वर्षे आधीच बंद होत आली होती.

पाच जणांचे राज्य

वादळाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, महापौर वॉल्टर जोन्स यांनी हाती लागले तेवढे प्रतिष्ठित नागरिक गोळा करून मध्यवर्ती मदत समिती नेमली. नगरसभा बाजूला पडली आणि समितीने सूत्रे हाती घेतली. कथीड्रलचे फादर जेम्स कर्विन आणि यहुदी समाजाचे रब्बी हेन्री कोहेन हे दोघेही या समितीत होते. दोघे जीवलग मित्र होते. पुढे १९२० च्या दशकात कू क्लक्स क्लॅन ही द्वेषाची संघटना टेक्सासभर फोफावली तेव्हा तिच्याविरुद्ध हे दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

समितीचे काम भीषण होते. प्रेते पुरायला जमीन नव्हती. सुमारे ७०० प्रेते पडावातून नेऊन समुद्रात सोडली, ती लाटांनी परत किनाऱ्यावर आणली. मग जेथे सापडतील तेथे चिता रचाव्या लागल्या. प्रेते पडावात भरण्यासाठी कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने नेण्यात आले. आपत्तीसुद्धा सगळ्यांवर सारखी कोसळत नाही. अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापिका क्लारा बार्टन वयाच्या ७८ व्या वर्षी तेथे धावून आल्या. अन्न आणि कपडे वाटले गेले ते वॉर्डवार केंद्रांतून. ज्या वॉर्डांना पुढे कारभारातून रजा मिळाली, त्यांच्याच रचनेने त्या आठवड्यांत शहर जगविले, ही गोष्ट आम्हांला लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

शहरात ‘डीप वॉटर कमिटी’ नावाचे व्यापाऱ्यांचे एक मंडळ होते. बंदर खोल करण्यासाठी वॉशिंग्टनहून पैसा मिळवावा म्हणून १८८० च्या दशकात ते स्थापन झाले होते. बँका, कापूस, जहाजे यांचे धनी त्यात होते. या मंडळाने नव्या सनदेचा मसुदा केला. युक्तिवाद सरळ होता: शहर म्हणजे एक मोठी व्यापारी पेढी; ती चालविण्यास संचालक मंडळ हवे. एक महापौर-अध्यक्ष आणि चार कमिशनर. एकाकडे वित्त, एकाकडे पाणीपुरवठा व सांडपाणी, एकाकडे रस्ते व सार्वजनिक मालमत्ता, एकाकडे पोलीस व अग्निशमन दल. नियम करणारे तेच आणि ते अमलात आणणारेही तेच. येथे ‘कमिशनर’ म्हणजे आपल्या महानगरपालिकेतील सरकारनियुक्त आयुक्त नव्हे. एकेका खात्याचा धनी असलेला कारभारी, असे समजावे.

मूळ मसुद्यात पाचही जण राज्यपालांनी नेमावेत असे होते. मतपेटीच नाही, हे पाहून विरोध झाला. तडजोड म्हणून तिघे नेमलेले आणि दोघे निवडलेले, असे ठरले आणि १९०१ साली नवा कारभार सुरू झाला. १९०३ मध्ये एका न्यायालयाने नेमणुकीची तरतूद घटनाबाह्य ठरविली. विधिमंडळाने सनद दुरुस्त केली आणि पाचही जागा निवडणुकीच्या झाल्या. अर्थात सबंध शहराच्या मतांनी. त्या सुमारास, १९०२ साली, टेक्सासने मतदानासाठी डोईपट्टी भरण्याची अटही घातली होती. गरिबाने आधी पैसे मोजावेत, मग मत द्यावे. आता वॉर्ड नव्हते, आणि पुष्कळांजवळ मतही नव्हते.

मिस्सा चालू असताना उचललेले चर्च

परंतु न्याय करायचा तर या पाच जणांच्या कारभाराने काय घडविले तेही मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे.

वादळापूर्वी शहराचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून नऊ फूटही नव्हता आणि त्या रात्री पाणी पंधरा फुटांहून वर चढले होते. तीन अभियंत्यांचे मंडळ नेमले गेले. त्यांनी दोन कामे सांगितली: समुद्रासमोर भिंत बांधा आणि शहर उचला. १९०२ च्या ऑक्टोबरात भिंतीला आरंभ झाला आणि १९०४ च्या जुलैत पहिला टप्पा पुरा झाला. उंची १७ फूट, पायाशी रुंदी १६ फूट, माथ्यावर ५ फूट, लांबी सव्वातीन मैलांहून थोडी अधिक. पुढे ती वाढत वाढत दहा मैलांपलीकडे गेली.

अभियंत्यांच्या मंडळाचे प्रमुख होते निवृत्त जनरल हेन्री मार्टिन रॉबर्ट. हे नाव सभासंचालनाचे नियम शिकलेल्या कोणालाही परिचित असेल. तरुणपणी त्यांना एका चर्चमध्ये भरलेल्या सभेचे अध्यक्षपद अचानक पत्करावे लागले, सभा हाताबाहेर गेली आणि तेव्हापासून ते सभेचे नियम अभ्यासू लागले. १८७६ साली त्यांनी काढलेले नियमांचे पुस्तक आजही अमेरिकेतील असंख्य संस्थांत प्रमाण मानले जाते. आम्ही सेमिनरीत असताना ठराव, उपसूचना, हरकतीचा मुद्दा हे सारे आम्हांला जे शिकविले गेले त्याचे मूळ तेथेच. त्या नियमांचा गाभा असा की, बहुमताचे काम पुढे जावे, परंतु अल्पमताला बोलल्यावाचून गप्प बसविता येऊ नये. आणि दैवाचा खेळ पाहा, याच गृहस्थांनी भिंत आखली ती वॉर्डांची नगरसभा मोडून बसलेल्या शहरासाठी!

भिंतीहूनही अद्भुत होते ते शहर उचलण्याचे काम. शहराच्या मधून कालवा खणला, ड्रेजर आणले, आणि समुद्रतळाची वाळू पाण्यासकट पाइपांतून घरांखाली सोडली. पाणी वाहून जाई, वाळू मागे राही. त्याआधी प्रत्येक इमारत जॅक लावून उचलावी लागे. दोन हजारांहून अधिक इमारती अशा उचलल्या गेल्या. कोठे भराव काही इंचांचा, कोठे दहा फुटांहूनही अधिक. आपले घर उचलण्याचा खर्च मालकाने स्वतः सोसायचा होता. काम कित्येक वर्षे चालले. लोक फळ्यांच्या उंच पुलांवरून ये-जा करीत. अंगणातील झाडे वाळूखाली गुदमरून मेली. वास आणि चिखल यांना सुमार नव्हता.

सेंट पॅट्रिक चर्चची हकिगत सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. वादळात या चर्चची मोडतोड झाली होती. ते पुन्हा उभे केले, आणि मग ते उचलण्याची पाळी आली. वजन सुमारे ३००० टन. त्याखाली ७०० जॅक बसविले आणि मजुरांनी ते एका तालावर, तसूतसूने फिरवीत सबंध मंदिर पाच फूट वर नेले. या साऱ्या काळात चर्चमधील उपासना एक दिवसही बंद पडली नाही. खाली जॅक फिरत होते आणि वर मिस्सा होत होता! सातशेंतला एक जरी मागे राहिला असता तरी भिंतीला तडा गेला असता.

१९१५ साली पुन्हा तसेच मोठे वादळ आले. भिंत टिकली. भिंतीच्या आडोशाला असलेल्या शहरात फार थोडी माणसे दगावली. १९०० सालच्या रात्रीशी तुलना करता हे केवढे यश! जे लोक आज त्या पाच जणांच्या कारभारावर टीका करतात, त्यांनी ही वाचलेली माणसे आधी मोजावीत.

नमुना आणि त्याची किंमत

गॅल्व्हेस्टनचा बोलबाला देशभर झाला. १९०५ मध्ये शेजारच्या ह्यूस्टनने ही पद्धत उचलली. १९०७ मध्ये आयोवा राज्यातील डी मॉइनने तिला नागरिकांनी कायदा सुचविण्याचा आणि निवडलेल्यास परत बोलाविण्याचा हक्क जोडला. पुढील दहा-बारा वर्षांत सुमारे ५०० शहरे या वाटेने गेली.

मग दोष दिसू लागले. पाच खाती म्हणजे पाच संस्थाने झाली. प्रत्येक कमिशनर आपल्या खात्याचा राजा. दुसऱ्याच्या खात्यात डोकावायचे नाही, म्हणजे तोही आपल्या खात्यात डोकावणार नाही. खर्चाला आवर घालणारा कोणी उरला नाही. १९१३ साली ओहायो राज्यातील डेटन शहरात महापूर आला आणि त्या शहराने दुसरी वाट काढली: निवडलेली नगरसभा धोरण ठरवील आणि तिने नेमलेला व्यावसायिक व्यवस्थापक कारभार पाहील. हीच पद्धत पुढे रूढ झाली. कारभार व्यापाऱ्यांच्या हाती दिला की तो शुद्ध होतो, हा समजही गॅल्व्हेस्टनमध्येच खोटा ठरला. विसाव्या शतकाच्या मध्यास हे शहर उघड्या जुगारासाठी प्रसिद्ध होते आणि पालिकेची त्याकडे सोयीस्कर डोळेझाक होती. १९५७ साली राज्य सरकारने छापे घातले तेव्हा तो जुगार मोडला. १९६० साली गॅल्व्हेस्टनने आपल्याच नावाची पद्धत टाकून दिली आणि व्यवस्थापक नेमला. पोर्टलंड हे ही पद्धत चालविणारे अखेरचे मोठे शहर. त्यानेही २०२५ च्या आरंभी तिला निरोप दिला.

परंतु कारभारी पद्धत बदलली म्हणून हिरावलेला आवाज आपोआप परत आला नाही. सबंध शहराच्या मतांनी निवडण्याची रीत पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. अलाबामातील मोबील शहराने १९११ मध्ये कमिशन पद्धत घेतली होती. तेथे कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी असूनही त्यांच्यातील एकही कमिशनर होऊ शकला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८० साली न्यायालयाने म्हटले की, केवळ परिणाम दाखवून भागणार नाही, हेतू सिद्ध करा. त्यावर १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मतदान हक्काचा कायदा दुरुस्त करून परिणामही पुरेसा मानला, आणि मोबीलने १९८५ साली प्रभागवार नगरसभा स्वीकारली. गॅल्व्हेस्टनला हा दिवस दिसण्यास १९९० चे दशक उजाडले. आता तेथे महापौर सबंध शहराच्या मतांनी निवडला जातो आणि सहा सदस्य सहा प्रभागांतून येतात. क्युनी ज्या वाटेने आत आले होते ती वाट जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा उघडली.

वाचक विचारतील, भिंत उभी राहायची तर नगरसभा मोडणे अपरिहार्यच होते ना? आमच्या मते नव्हते. भिंतीचे कर्जरोखे काढायचे ठरले ते लोकांच्या मतांनी, आणि लोकांनी ते जवळजवळ एकमुखाने मंजूर केले. घरे उचलण्याचा भार सामान्य माणसानेच सोसला. ज्यांनी पैसा दिला, चिखल तुडविला, प्रेते वाहिली, त्यांना शहाणपणाचा वाटा नव्हता असे म्हणवत नाही. संकटात त्वरा हवी, हे खरे. परंतु संकट सरल्यावरही ज्यांना विचारायचे सोडले त्यांना पुन्हा विचारायला कोणी गेले नाही, हा दोष वादळाचा नव्हे.

हे लिहिताना आम्हांला आमचीच एक गोष्ट आठवते. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात चर्चच्या छपराचे काम निघाले. धर्मग्राम परिषदेच्या बैठका लांबत, वाद होत, पावसाळा जवळ येत होता. आम्ही कंटाळून पाच कर्त्या माणसांची समिती नेमली: एक अभियंते, एक बँकेतले, एक कंत्राटी कामे जाणणारे, असे. मेअखेर छप्पर पुरे झाले. आम्हांला अभिमान वाटला. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रविवारी पलीकडच्या पाड्यातली एक वृद्ध बाई मिस्सानंतर थांबली आणि म्हणाली, “फादर, छप्पर छान झालं. पण पन्हळीचं पाणी सगळं आमच्या दारावर पडतंय. आमच्यातलं कोणी असतं तर सांगितलं असतं.” पाड्यातील लोक बाजूच्या दाराने येतात, हे पाचांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक असायला हवे होते ते आम्ही, आम्हांलाही सुचले नव्हते.

पन्हळ फिरवून घ्यायला एक दिवस पुरला. त्यानंतर आमच्या परिषदेत प्रत्येक आळीतला आणि पाड्यातला एकेक जण असतो. बैठका पुन्हा लांबतात. कधीकधी आम्ही घड्याळाकडे पाहतो, हे कबूल केले पाहिजे. मग सेंट पॅट्रिकखालचे ते सातशे जॅक आठवतात आणि आम्ही पुढच्या माणसाला बोलू देतो.